वुदरिंग हाइट्स: आवडलं म्हणू की नाही?

सुगरणीचा_खोपा

गेल्या आठवड्यात एमिली ब्राँटेचं वुदरिंग हाइट्स (इंग्रजी कादंबरी) दुसऱ्यांदा वाचून संपवलं आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हणून हा धागा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी १९ वर्षांची, एसवायबीएला. कॉलेजच्या लायब्ररीतली प्रत, बाइंडिंग सुटलेलं, मधली चार पानं उलटी शिवलेली. आता ४२ पूर्ण झाली. तेव्हा हीथक्लिफवर, कॅथरीनच्या घरात वाढलेल्या त्या अनाथ पोरावर, जीव जडला होता, खोटं कशाला बोलू. "मीच हीथक्लिफ आहे" हे कॅथरीनचं वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. या खेपेला त्या पानावर पोचले आणि मनात आलं, बाई गं, हे तू म्हणतेयस कधी? शेजारच्या श्रीमंत एडगर लिंटनला लग्नाचा होकार देऊन आल्यावर! आणि ज्याच्याबद्दल म्हणतेयस तो बाकाआड पडून "त्याच्याशी लग्न केलं तर माझी किंमत कमी होईल" एवढंच ऐकून कधीच निघून गेलाय.

ते एक वेळ सोडा. पण पुढे एडगरची बहीण इझाबेला हीथक्लिफबरोबर पळून जाते, त्या रात्री तिचं कुत्रं नेलीला (घरची नोकर, हीच गोष्ट सांगते) बागेच्या भिंतीवर सापडतं. लगाम अडकवायच्या आकड्याला रुमालाने टांगलेलं, शेवटचे आचके देत. १९व्या वर्षी मी हे वाचलंच असणार, पानं गाळायची सवय मला नाही. पण आठवणीत त्याचा मागमूस नव्हता. माळरान आठवत होतं, वारा आठवत होता, खिडकी आठवत होती. कुत्रं नाही. याचा मला जरा धक्काच बसला.

आणि मुलं! या कादंबरीत एकाही पोराचं धड संगोपन होत नाही. दारूच्या नशेत कॅथरीनचा भाऊ हिंडली स्वतःच्या तान्ह्या मुलाला, हेअरटनला, जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडतो. खालून चाललेला हीथक्लिफ त्याला झेलतो, अगदी सहज, हात आपोआप पुढे होतात तसे. मग वर बघतो, आपण कोणाचं पोर वाचवलं ते त्याला कळतं, आणि त्याचा चेहरा पडतो. नेली म्हणते, पाच शिलिंगला विकून टाकलेल्या लॉटरीच्या तिकिटावर पाच हजार पौंड लागल्याचं दुसऱ्या दिवशी कळलेल्या कंजुषाचा चेहराही इतका उतरला नसता. सुडाची आयती संधी हातची गेली म्हणून! मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

म्हणजे आवडलं नाही म्हणावं, तर रात्री दीड वाजेपर्यंत जागून वाचलंय. भुताची वगैरे मला भीती नाही, पण पुन्हा एकदा वाटलं की या बाईने गॉथिकचं, म्हणजे त्या जुन्या धाटणीच्या भयकथेचं, काहीतरी वेगळंच करून ठेवलंय. त्या काळच्या अशा कादंबऱ्यांत इटलीतले किल्ले, तळघरं, काळे झगे घातलेले पाद्री. इथे काय, तर यॉर्कशरच्या शेतकऱ्याचं घर. छताला टांगलेल्या मांसाच्या तंगड्या, चुलीवर ओटची लापशी. इझाबेला लग्न होऊन पहिल्या रात्री या घरात येते आणि लापशी करायला घेते, तर घरचा म्हातारा नोकर जोसेफ पोराला सांगतो की आज तुला जेवण नाही, माझ्या मुठीएवढ्या गुठळ्या झाल्यात यात. हे वाचताना हसू येतं, आणि दोन पानांनी लक्षात येतं की या मुलीला इथून सोडवायला कोणी येणार नाहीये. तळघरापेक्षा हे जास्त भयंकर.

आता मुद्द्याचं. माझी लेक नववीत आहे. तिला कुठल्याशा रीलमध्ये "जगातली सर्वश्रेष्ठ प्रेमकथा" म्हणून हे दिसलं आणि तिने माझी प्रत मागितलीय. देऊ का? आणि देताना काही सांगू, की गप्प बसू?

चहा_बिस्किट

मी पन्नासाव्या पानावर हात टेकले. दोन कॅथरीन, एकीच्या नवऱ्याचं आडनाव लिंटन, दुसरीच्या नवऱ्याचं पहिलं नावच लिंटन, आणि हिरोला आडनावच नाही. वर तो जोसेफ काय बोलतो ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. लेकीला द्यायचं तर वंशावळ काढून द्या, एवढंच माझं मत.

कातळसडा

जोसेफवरून आठवलं. एमिलीच्या मृत्यूनंतर १८५० मध्ये तिची बहीण शार्लटने नवी आवृत्ती काढली, तेव्हा दक्षिणेकडच्या वाचकांना कळावं म्हणून जोसेफच्या बोलीचं स्पेलिंग तिने सौम्य करून टाकलं होतं. म्हणजे तुमची तक्रार पावणेदोनशे वर्षं जुनी आहे! आता बहुतेक ठिकाणी मूळ पाठच छापतात. माझा उपाय सांगतो: मोठ्याने वाचा. डोळ्यांना कळत नाही ते कानाला कळतं, मालवणीचं पण तसंच आहे.

मी कामानिमित्त चार वर्षं लीड्सला होतो, तिथून ब्राँट्यांच्या गावी, हॉवर्थला तीनदा गेलो. मूळचा राजापूरचा असल्यामुळे एक सांगतो, ते मूर, म्हणजे तिथलं उघडं माळरान, बघून मला परकं काहीच वाटलं नाही. आपला सडाच तो. झाड नाही, आडोसा नाही, कातळ आणि बुटकं गवत, आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे श्रावणात फुलं, तिथे ऑगस्टमध्ये हेदरचा जांभळा गालिचा. बरं, "वुदरिंग" हा शब्दच मुळी त्या वाऱ्यासाठी आहे, हे लॉकवुड, ज्याला नेली ही गोष्ट सांगते तो भाडेकरू, पहिल्याच प्रकरणात सांगतो.

गावापासून टॉप विदन्स नावाच्या पडक्या घरापर्यंत चालत जाता येतं. वाटेवरच्या खांबांवर इंग्रजीखाली जपानीत पाट्या आहेत, इतके जपानी वाचक येतात. धापा टाकत वर पोचलो तर भिंतीवर ब्राँटे सोसायटीची १९६४ सालची पाटी. तिचा आशय असा, की हे घर धड होतं तेव्हाही कादंबरीतल्या घरासारखं अजिबात नव्हतं, फक्त जागा कदाचित लेखिकेच्या मनात असावी. एवढी तंगडतोड करून वर गेल्यावर हे वाचायचं! मला तो प्रामाणिकपणा फार आवडला. आपल्याकडे असतं तर "याच खिडकीतून कॅथरीनचं भूत आत आलं" म्हणून पंधरा रुपये तिकीट लावलं असतं.

अजून एक. ब्राँट्यांच्या घरासमोर दफनभूमी आहे. समोर म्हणजे अक्षरशः खिडकीखाली. १८५० मध्ये बॅबेज नावाच्या सरकारी निरीक्षकाने हॉवर्थच्या पाण्याचा आणि गटारांचा अहवाल दिला, त्यात गावातलं मृत्यूचं सरासरी वय निघालं २५.८ वर्षं. १०० पैकी ४१ मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत जात होती. एमिली स्वतः १९ डिसेंबर १८४८ ला क्षयाने गेली, वय ३०, पुस्तक येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कादंबरीत माणसं पटापट मरतात म्हणून लोक हसतात. तिच्या खिडकीतून तेच तर दिसत होतं.

टीकोजीराव

खोपाताई, राग मानू नका, पण कुत्र्याचं बघून तुम्ही हीथक्लिफला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत आणि त्याच्यावर काय काय झालं ते एका ओळीतही लिहिलं नाहीत. लिव्हरपूलच्या रस्त्यावर उपाशी सापडलेलं पोर. कोणाचं, कुठलं, कोणाला माहीत नाही. नाव दिलं तेही घरातल्या मेलेल्या मुलाचं, आणि नाव-आडनाव मिळून तेवढंच. घरात त्याला आधी "तो" सुद्धा म्हणत नाहीत, "ते" म्हणतात. त्याला घरी आणणारे थोरले अर्नशॉ, म्हणजे कॅथरीनचे वडील, गेल्याबरोबर हिंडली त्याला नोकरांत ढकलतो, शिकणं बंद करतो.

आणि आपल्याला तर हे जास्त जाणवायला हवं. एडगरचे वडील लिंटनसाहेब त्याला पहिल्यांदा बघतात तेव्हा म्हणतात की हा लहानसा लास्कर असावा, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश जहाजावरचा कोणी. लास्कर म्हणजे कोण? कंपनीच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. पुढे नेली त्याची समजूत काढताना म्हणते, कोणी सांगावं, तुझे वडील चीनचे बादशहा असतील आणि आई हिंदुस्थानची राणी. त्या काळात लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचं इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं बंदर. तो नक्की कोण हे एमिली शेवटपर्यंत सांगत नाही, पण हे शब्द तिने उगाच पेरलेले नाहीत. २०११च्या सिनेमात अँड्रिया अर्नल्डने हीथक्लिफचं काम कृष्णवर्णीय नटाला दिलं, ते म्हणूनच.

"माझी किंमत कमी होईल" हे वाक्य मराठी माणसाने वाचलं की त्याला जात दिसते. मला तरी दिसली.

सुगरणीचा_खोपा

टीकोजीराव, मान्य, लिहायला हवं होतं. तो लहान असतानाची प्रकरणं वाचताना मी पूर्णपणे त्याच्या बाजूने असते. गोवराने आजारी पडतो तेव्हा कुरकुरही करत नाही, नेलीचं मन तिथेच वळतं, माझंही.

पण माझा पेच तिथेच आहे हो. ज्याच्यावर अन्याय झाला तो सूड कोणावर उगवतो? हिंडलीवर उगवला तर मी टाळ्या वाजवीन. तो उगवतो इझाबेलावर, हेअरटनवर, स्वतःच्या आजारी पोरावर, कॅथरीनच्या मुलीवर म्हणजे धाकट्या कॅथीवर. यातल्या कोणीही त्याचं काही बिघडवलेलं नाही. तिघं तर तेव्हा जन्मलेलीही नव्हती.

जातीबद्दल थोडं सांभाळून. साम्य जाणवतं हे खरं, पण त्यांचा वर्ग, वंश आणि आपली जात एकास एक लावायला गेलं की दोन्हीकडचे बारकावे हरवतात. हीथक्लिफ तीन वर्षं गायब होतो आणि पैसेवाला "जंटलमन" होऊन परततो, आणि समाज त्याला घरमालक म्हणून निमूट स्वीकारतो. आपल्याकडे एवढं सोपं असतं का?

टीकोजीराव

नसतं. हा मुद्दा दिला तुम्हाला.

पमाकाकू

मुलांनो, एवढं इंग्रजी मी वाचलेलं नाही. पण "दिल दिया दर्द लिया" थेटरात बघितलाय, १९६६ साली. दिलीपकुमार, वहिदा, आणि छळणारा भाऊ प्राण. तुम्ही हिंडली हिंडली म्हणताय तो प्राणच ना? मग मला सगळी गोष्ट कळली. नौशादची गाणी ऐकून आम्ही मैत्रिणी रडत घरी आलो होतो. कुत्र्याचं काही त्यात आठवत नाही बाई.

सुगरणीचा_खोपा

काकू, अगदी तोच प्राण! 🙂 आणि सिनेमावाले अर्धंच घेतात, हीच तर गंमत आहे. १९३९चा लॉरेन्स ऑलिव्हिएचा सिनेमा कॅथरीनच्या मरणाशी गोष्ट संपवतो, पुढची पिढी साफ गायब. पुस्तकात त्यानंतर जवळजवळ अर्धी कादंबरी शिल्लक असते. रीलमध्ये प्रेमकथा दिसते ती यामुळेच.

वकीलणबाई

इतका वेळ नुसती वाचत होते, पण आता राहवत नाही. तुम्ही सगळे कुत्रं, वारा, भूत यात अडकलात. हीथक्लिफचं खरं हत्यार कोणतं? गहाणखत!

नीट बघा. हिंडली जुगारात हरत जातो, हीथक्लिफ उसने देत जातो आणि जमिनीचा तुकडा न् तुकडा गहाण लिहून घेतो. हिंडली २७व्या वर्षी पिऊन मरतो तेव्हा घराचा मालक हीथक्लिफ, आणि दारावर ज्याच्या पूर्वजाचं नाव आणि १५०० साल कोरलंय तो हेअरटन स्वतःच्याच घरात बिनपगारी गडी. एकही कागद खोटा नाही.

मग लिंटनांची इस्टेट. एडगरला मुलगा नाही. त्याच्या वडिलांनी अशी तजवीज करून ठेवलेली की नातीला न मिळता जमीन लेकीकडे, म्हणजे इझाबेलाकडे जावी. तिचा मुलगा म्हणजे हीथक्लिफचा मुलगा. राहिला कॅथीचा स्वतःचा पैसा. तो विश्वस्तांकडे सोपवावा म्हणून एडगर मरणशय्येवरून वकिलाला बोलावणं धाडतो. वकीलसाहेब वेळेवर येत नाहीत, कारण ते आधीच हीथक्लिफने खिशात घातलेत. (आमच्या धंद्याची अब्रू १८४७ पासून अशीच आहे.) कॅथीला कोंडून तिचं लग्न त्या मरायला टेकलेल्या पोराशी लावलं की तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची, आणि नवरा मृत्युपत्रात ती बापाला देऊन मोकळा. इंग्लंडात बायकोच्या मालमत्तेचे कायदे बदलले ते १८७० आणि १८८२ मध्ये. कॅथी बिचारी त्याच्या कितीतरी आधीची. जमिनीवरचा हीथक्लिफचा हक्क तर कायद्याने पक्काही नाही, पण नेली म्हणते ना, जवळ पैसा नाही आणि पाठीशी माणूस नाही, तर ती त्याला हलवणार कशी? हे वाक्य मी रोज माझ्या ऑफिसात ऐकते. परवाच एक बाई येऊन गेल्या, सातबाऱ्यावर नाव होतं, पण दिरांनी सह्या घेतल्या तेव्हा त्यांना वाटलं रेशनकार्डाचं काही असेल.

सी. पी. सँगर नावाच्या वकिलाने १९२६ मध्ये याच विषयावर छोटं पुस्तक लिहिलं. कादंबरीत तारखा अगदी मोजक्या दिल्यात, पण इकडचे तिकडचे उल्लेख जुळवत त्याने सगळा कालपट मांडला आणि दाखवलं की तारखा आणि कायदा, दोन्ही एमिलीने काटेकोर सांभाळलेत. पाद्र्याची मुलगी, गावाबाहेर फारशी गेलेली नाही, आणि जमिनीच्या कायद्याची अशी पकड! मी याच गोष्टीसाठी दर दोन-तीन वर्षांनी वाचते. प्रेमबिम मला त्यात कधी दिसलंच नाही.

चहा_बिस्किट

वकीलणबाई, तुम्ही आधी भेटला असतात तर एक्कावन्नावं पान उघडलं असतं.

नेलीची_सवत

आणि नेलीबद्दल कोणीच बोलत नाही? हीथक्लिफ उठून गेला हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी कॅथरीनला बोलू दिलं. कॅथरीन खोलीत कोंडून घेऊन उपाशी होती, ही एडगरला दिवसेंदिवस सांगत नाही, वर म्हणते मला वाटलं नाटक करतेय. सगळी गोष्ट तिच्या तोंडून येते आणि दर वेळी हिचाच काय तो शहाणपणा! असली एक मावशी प्रत्येक वाड्यात असते, "मी तर तेव्हाच म्हटलं होतं" म्हणणारी.

कातळसडा

😂 पण त्या मावशीशिवाय गोष्ट सांगणार कोण? माझ्या मते तीच या कादंबरीची सगळ्यात मोठी करामत आहे. भूत, थडगं उकरणं, वेड, हे सगळं आपण एका विणकाम करत बसलेल्या बाईकडून ऐकतो, म्हणून खरं वाटतं.

एमिलीविषयी एक गोष्ट, कुत्र्यावरून. तिचा कीपर नावाचा दांडगा कुत्रा होता. पांढऱ्या चादरीवर चढून झोपला म्हणून तिने त्याला नुसत्या मुठींनी तोंड सुजेपर्यंत मारलं आणि मग स्वतःच शेकत बसली, असं मिसेस गॅस्केलने शार्लटच्या १८५७च्या चरित्रात लिहिलंय. तिच्या अंत्ययात्रेत हाच कीपर चालत होता. किती तिखटमीठ लावलंय देव जाणे, पण कादंबरीतली क्रूरता या बाईने लांबून बघून लिहिलेली नाही असं मला वाटत राहतं.

टीकोजीराव

शार्लटलाही ती पचली नव्हती. १८५०च्या प्रस्तावनेत ती म्हणते की हीथक्लिफसारखी पात्रं निर्माण करणं योग्य आहे का, मला माहीत नाही. नसावं असंच वाटतं. सख्खी बहीण! तेव्हा खोपाताई, तुमचे संमिश्र भाव चांगल्या घराण्यातले आहेत.

सुगरणीचा_खोपा

सगळ्यांना वाचून काल रात्री पुन्हा शेवटची प्रकरणं काढली. मला या पुस्तकातलं काय आवडतं ते आता जरा धरता येतंय.

हेअरटन. चोरून अक्षरं गिरवतो, कॅथी त्याची टर उडवते, तो चिडून पुस्तकं चुलीत टाकतो. टाकताना त्याच्या जिवाला काय होतंय ते नेमकं टिपलंय. मग महिने जातात आणि एक दिवस कॅथी एक पुस्तक पांढऱ्या कागदात गुंडाळते, रिबन बांधते, वर "मिस्टर हेअरटन अर्नशॉ" असं लिहिते आणि नेलीच्या हाती पाठवते. एकाच खोलीत बसलेल्या माणसाला! ज्याचं घर, जमीन, शिक्षण सगळं काढून घेतलं, त्याचं निदान नाव तरी तिने पूर्ण लिहून परत केलं. १९व्या वर्षी मी ही प्रकरणं भराभर उरकली होती, हीथक्लिफ केव्हा मरतो ते बघायला.

आणि तोही कसा थांबतो बघा. दोन्ही घरं मुठीत, दोन्ही वारस पायाशी, आता फक्त चिरडायचं बाकी. तर नेलीला म्हणतो, हात उचलायचाच कंटाळा आलाय. पश्चात्ताप नाही, माफी नाही. समोर ती दोघं पुस्तकावर डोकी वाकवून बसलेली आणि दोघांच्या डोळ्यांत त्याला कॅथरीन दिसते, संपलं. मेल्यावर त्याच्या प्रेताशी रात्रभर रडत कोण बसतं? ज्याला त्याने सगळ्यात जास्त लुबाडलं तो हेअरटन. हे मला पटत नाही, म्हणजे राग येतो, आणि खोटंही वाटत नाही. मारणाऱ्या बापाच्या अंत्ययात्रेत हमसून रडलेला एक मुलगा मी आमच्याच गल्लीत पाहिलाय.

तेव्हा हीथक्लिफला माझ्याकडून माफी नाही. पुस्तक मात्र कपाटात राहील.

वकीलणबाई

आणि लेकीचं काय ठरलं?

सुगरणीचा_खोपा

दिलं. चहा_बिस्किट म्हणाले तशी वंशावळ वहीच्या कागदावर काढून आत ठेवली. बाकी काही बोलले नाही, जिभेवर खूप आलं होतं तरी.

परवा रात्री तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचली. तेच, लॉकवुड बर्फात अडकून त्या घरी झोपतो, स्वप्नात खिडकीच्या फुटक्या काचेतून बर्फासारखा गार इवलासा हात आत येतो, "मला आत घ्या" म्हणून रडतो. आणि हात सुटेना म्हणून लॉकवुड ते मनगट काचेवर घासतो, अंथरूण रक्ताने भिजेपर्यंत. मला वाटलं घाबरून माझ्या खोलीत येईल. आली, पण तावातावाने. "आई, हा माणूस किती दुष्ट आहे! लहान मुलगी आहे ना ती? घ्यायचं ना आत!"

दोनदा वाचलं, पण लॉकवुडवर माझा एकदाही संशय गेला नव्हता.